वहीत नफा, खात्यात खडखडाट

वाचकाचं पत्र: लोखंडी रॅक, टेबलं आणि कपाटं बनवण्याचं माझं छोटं वर्कशॉप आहे. हाताखाली पाच कारागीर आहेत. वर्षभरात महिन्याची विक्री 60 वरून 100 वर गेली. वहीप्रमाणे 100 च्या विक्रीवर पत्रा, पाइप, पावडर कोटिंग वगैरे कच्चा माल 55, मजुरी 18 आणि भाडं, वीज, वाहतूक मिळून 11 जातात. म्हणजे 16 उरतात. घरखर्चाला मी 6 घेतो. एवढं असूनही वर्षापूर्वी खात्यात 90 होते, ते आज 3 आहेत. मधल्या काळात बेंडिंग मशीन रोखीने घेतलं, त्याला 60 लागले. पत्र्याचा व्यापारी 15 दिवसांची उधारी देतो, ग्राहक मात्र 60 दिवसांनी पैसे देतात. आता एका मोठ्या कंपनीने दरमहा 40 ची नवी ऑर्डर देऊ केली आहे, पण तिला 5 टक्के सूट हवी आहे आणि ती 90 दिवसांनी पैसे देणार. एक सावकारी कंपनी लगेच पैसे द्यायला तयार आहे: हातात 45 मिळतील, रोज अर्धा याप्रमाणे 100 दिवस फेडायचे. कर्ज घेऊ का? ऑर्डर घेऊ का? आणि मुख्य म्हणजे पैसे गेले कुठे?

(वाचकाचे खरे आकडे छापलेले नाहीत. त्यांची आजची महिन्याची विक्री 100 धरून बाकी सगळं त्याच प्रमाणात दिलं आहे, म्हणजे इतरांनाही आपापले आकडे बसवून बघता येतील.)

उत्तर: रोजच्या हप्त्याचं कर्ज घेऊ नका. ऑर्डर आहे त्या अटींवर घेऊ नका, अटी बदलून घ्या. तुम्हाला कर्ज लागेल, पण ते वेगळ्या प्रकारचं आणि तुमच्या अंदाजापेक्षा कमी. त्याआधी बाहेर अडकलेले तुमचे स्वतःचे पैसे आत आणायचे आहेत. ते बिनव्याजी आहेत आणि कर्जापेक्षा लवकर मिळू शकतात.

पैसे कुठे गेले याचं उत्तर तुमच्या पत्रातल्याच आकड्यांत आहे. कोणी चोरी केलेली नाही, हिशेबही चुकलेला नाही. तुमचा एक रुपया पत्र्यात घातल्यापासून परत हातात यायला किती दिवस लागतात ते मोजू. पत्रा साधारण 30 दिवस गोदामात पडून असतो असं तुम्ही पत्रात पुढे लिहिलं आहे. कटिंगपासून कोटिंगपर्यंत काम 15 दिवस चालतं. माल गेल्यावर ग्राहक 60 दिवस घेतो. एकूण 105 दिवस झाले. त्यातले 15 दिवस व्यापाऱ्याची उधारी तुम्हाला सांभाळते. उरले 90 दिवस. हे तीन महिने तुमच्या खिशातून चाललेले असतात.

आता हे 90 दिवस पैशात मांडू. गोदामातला पत्रा एका महिन्याचा, म्हणजे 55. हाताखालच्या कामात अडकलेला माल आणि मजुरी मिळून सुमारे 32. ग्राहकांकडे दोन महिन्यांची बिलं 200 ची आहेत, पण त्यात तुमचा माल आणि मजुरी 146 ची आहे, तेवढीच धरू. यातून व्यापाऱ्याचं देणं 27 वजा करा. साधारण 205 अडकलेले आहेत. वर्षापूर्वी विक्री 60 होती तेव्हा याच चालीने 123 अडकलेले होते. म्हणजे धंदा वाढला म्हणून वर्षात आणखी 82 आत गेले.

ते भरायला नफा किती होता? 100 ची विक्री झाली की माल आणि मजुरी जाऊन 27 हाती राहतात. हा 27 चा आकडा लक्षात ठेवा, पुढे वारंवार लागणार आहे. त्यातून दरमहा ठरलेले खर्च 11 आणि घरखर्च 6, असे 17 भागवायचे असतात. ते विक्री कितीही होवो, द्यावेच लागतात. 17 ला 0.27 ने भागलं की 63 येतात. विक्री 63 झाली तर ना नफा ना तोटा. म्हणजे वर्षापूर्वी 60 च्या विक्रीवर, घरखर्च धरला तर, तुम्ही किंचित तोट्यातच होतात. वर्षभराची सरासरी विक्री 80 धरली तर महिन्याला 21.6 मधून 17 जाऊन 4.6 उरले, वर्षाचे 55. लागले 82, मिळाले 55, तूट 27. त्यात मशीनचे 60 मिळवा. 87 झाले. 90 मधून 87 गेले, उरले 3. तुमच्या खात्याशी हिशेब तंतोतंत जुळतो.

म्हणून वहीतला 16 टक्के नफा खोटा नाही, पण त्यातले 6 तुमच्या घरी जातात आणि उरलेला उधारीच्या रूपात ग्राहकाकडे बसला आहे. यापुढेही विक्री जितकी वाढेल तितकी रोकड आटत जाईल. दर 10 ने वाढलेल्या मासिक विक्रीमागे सुमारे 20 ते 21 आधी घालावे लागतील. नवी ऑर्डर घ्यायची का, हे ठरवताना हा आकडा पहिला.

आधी उधारी

ग्राहकांचे सरासरी 60 दिवस 45 वर आले तर 50 खात्यात येतात. सावकार देतोय 45. म्हणून या आठवड्याचं काम वर्कशॉपमध्ये नाही, फोनवर आहे.

सगळ्या न भरलेल्या बिलांची यादी करा आणि चार रकाने पाडा: 30 दिवसांच्या आतली, 31 ते 60, 61 ते 90 आणि 90 च्या पुढची. सुरुवात सगळ्यात जुन्या बिलापासून करू नका. 61 ते 90 मधल्या सगळ्यात मोठ्या बिलापासून करा. तिथे रक्कम मोठी असते आणि ती यायची शक्यताही बरी असते. 90 च्या पुढची बिलं बहुतेक वेळा कशावर तरी अडलेली असतात: माल कमी पोचला, रंग वेगळा आला, बिलावर पर्चेस ऑर्डरचा नंबर चुकला, माल पोचल्याच्या चलनावर सही नाही. त्यांना "पैसे कधी देता" असं विचारून उपयोग नसतो. "बिल कोणत्या टेबलावर आहे आणि कशासाठी थांबलंय" असं विचारा. उत्तर आलं की अर्धं काम झालं.

मोठ्या ग्राहकाकडे तुमची ओळख खरेदी विभागातल्या माणसाशी असते, पैसे मात्र हिशेब विभाग सोडतो. त्यांचा पेमेंटचा दिवस ठरलेला असतो, कुठे महिन्यातून दोनदा तर कुठे एकदाच. बिल त्या दिवसाच्या आधी मंजूर झालं नाही तर ते पुढच्या फेरीत ढकललं जातं आणि तुमचे 60 दिवस नकळत 75 होतात. म्हणून हिशेब विभागातल्या माणसाचा फोन नंबर, बिल घ्यायची शेवटची तारीख आणि पेमेंटचा वार या तीन गोष्टी प्रत्येक ग्राहकाच्या पानावर लिहून ठेवा.

बिल माल निघतो त्याच दिवशी करा. महिनाअखेर एकत्र बिलं करायची सवय असेल तर महिन्याच्या सुरुवातीला गेलेल्या मालावर तुम्ही जवळजवळ महिनाभराची जादा उधारी फुकट देता. बिलावर ग्राहकाच्या ऑर्डरचा नंबर, चलनाचा नंबर, देय तारीख (दिवसांची संख्या नको, प्रत्यक्ष तारीख लिहा) आणि बँक खात्याचा तपशील हवा. "60 दिवस" असं लिहिलं की ते कधीपासून मोजायचे यावर वाद होतो: बिलाच्या तारखेपासून, माल पोचल्यापासून की बिल त्यांच्या संगणकात चढल्यापासून? तारीख लिहिली की वाद संपतो.

मागणीचा क्रम ठरवून टाका आणि तो सगळ्यांना सारखा लावा. देय तारखेच्या 7 दिवस आधी एक साधा निरोप: बिल मंजूर आहे ना? देय तारखेला फोन. 7 दिवस उलटले की लेखी आठवण. 15 दिवसांनी मालकाशी किंवा वरच्या अधिकाऱ्याशी बोलणं. 30 दिवसांनी पुढचा माल थांबवणं. शेवटची पायरी जड वाटते, पण ती आधीच कोटेशनवर छापलेली असेल तर तो तुमचा राग ठरत नाही, अट ठरते. आवाज चढवायची गरज पडत नाही.

लवकर पैसे दिल्यास सूट द्यावी का? हिशेब करून द्या. 60 ऐवजी 10 दिवसांत पैसे देणाऱ्याला 2 टक्के सूट दिली तर तुम्हाला तो पैसा वर्षाला सुमारे 15 टक्क्यांना पडतो. आजच्या अडचणीत हे परवडण्यासारखं आहे. पण ज्याची मुदत मुळातच 30 दिवस आहे त्याला तीच 2 टक्के सूट दिली, तर तो पैसा वर्षाला सुमारे 37 टक्क्यांना पडतो. सूट तीच, फक्त 20 दिवस मिळाले म्हणून महाग. उलट बाजूने, पत्र्याचा व्यापारी रोखीला सूट देत असेल तर हाच हिशेब तुमच्या फायद्याचा होतो, म्हणून खात्यात थोडं बळ आलं की त्याच्याशीही बोला.

नव्या ग्राहकाकडून ॲडव्हान्स घ्यायला संकोच नको. मापावर बनवलेला रॅक त्या ग्राहकाने नाकारला तर दुसऱ्या कोणाच्या कामाचा नसतो. निदान पत्र्याची किंमत आधी हातात असावी, म्हणजे तुमच्या धंद्यात 50 टक्क्यांच्या आसपास. जुन्या ग्राहकांना एकदम ही अट लावणं अवघड जाईल. त्यांच्याकडे 30 टक्क्यांपासून सुरुवात करा.

पत्रा म्हणजे पडून असलेली रोकड

100 मधले 55 तुम्ही कच्च्या मालात घालता. तिथे एक टक्का वाचवणं मजुरीत तीन टक्के वाचवण्याइतकं आहे, आणि कारागिरांची मनंही दुखावत नाहीत.

तुम्ही पत्रासोबत रॅकचं माप पाठवलं आहे: फळी 900 बाय 400 मिलिमीटर, चारही बाजूंना 30 ची घडी. म्हणजे कापायचा तुकडा 960 बाय 460 (वाकवताना पत्रा थोडा ताणला जातो, त्याची वजावट तुमच्या मशीनप्रमाणे करा, इथे ती सोडून देतो). पत्रा 2500 बाय 1250 चा. या पत्र्यातून असे तुकडे कितीही फिरवून मांडा, 5 च निघतात. 460 ची बाजू 1250 मध्ये दोनदा बसते आणि 330 ची पट्टी उरते. 960 ची बाजू आडवी घेतली तर 290 उरतात. पत्र्याचा 29 टक्के भाग कतरणीत जातो. आता फळीची खोली 400 ऐवजी 350 केली तर तुकडा 960 बाय 410 होतो. 1250 मध्ये 410 तीनदा बसतात, 2500 मध्ये 960 दोनदा, असे 6 झाले. उरलेल्या 580 च्या पट्टीत सातवा तुकडा उभा बसतो. त्याच पत्र्यातून 5 च्या जागी 7 फळ्या. एका फळीमागचा पत्रा 28 टक्क्यांहून अधिक कमी.

प्रत्येक ग्राहकाला 350 ची खोली चालेल असं नाही. पण किती जणांना खरंच 400 लागते, हे कोणी विचारलंय का? बऱ्याचदा ते माप जुन्या रॅकवरून उतरवलेलं असतं. कोटेशन देताना दोन मापांचे दोन दर द्या आणि ठरवू द्या त्यांना. ज्याला 400 च हवी, त्याच्या दरात 29 टक्के कतरण धरलेली असली पाहिजे. भंगाराचे पैसे येतात म्हणून कतरण फुकट जात नाही, असं समजू नका. भंगारात मिळणारा दर नव्या पत्र्याच्या दराच्या जवळपासही नसतो. 290 आणि 330 च्या पट्ट्या मात्र भंगारात टाकण्याआधी बघा, त्यातून आधारपट्ट्या आणि लहान ब्रॅकेट निघतात.

साठ्याचं म्हणाल तर गोदामात फिरून प्रत्येक जाडीचा पत्रा आणि प्रत्येक मापाचा पाइप यांच्यासमोर शेवटचा कधी वापरला ते खडूने लिहा. दोन महिने हात न लागलेला माल वेगळा काढा. त्यातलं काय आताच्या ऑर्डरीत खपवता येईल, काय व्यापाऱ्याला परत देता येईल ते बघा. नेहमी लागणाऱ्या दोन-तीन जाड्यांचा साठा ठेवा आणि बाकीचं ऑर्डर आल्यावर मागवा. साठा 30 दिवसांवरून 20 वर आला तर आणखी 18 मोकळे होतात. "भाव वाढणार आहे, घेऊन ठेवा" असं व्यापारी सांगेल. भाव वाढेलही. पण खात्यात 3 असताना साठ्यावर डाव लावायची तुमची स्थिती नाही.

कामाचे 15 दिवस का लागतात तेही बघा. बहुतेक ठिकाणी कारागीर हळू नसतात. तयार सांगाडे कोटिंगवाल्याकडे रांगेत पडून असतात, कारण तिकडे गाडीभर माल साठल्यावरच पाठवला जातो. आठवड्यातून एकदा ऐवजी दोनदा पाठवला तर वाहतूक थोडी वाढेल, पण 15 चे 10 दिवस झाले तर सुमारे 10 सुटतील.

50, 18 आणि 10 मिळून 78 होतात. सगळे मिळणार नाहीत. अर्धे मिळाले तरी सावकाराच्या दाराशी जायची वेळ येत नाही.

नवी ऑर्डर

5 टक्के सूट ऐकायला बारीक वाटते. पण ती विक्रीतून जात नाही, त्या 27 मधून जाते. 27 चे 22 होतात. पूर्वीइतकेच पैसे कमवायला 23 टक्के जास्त माल विकावा लागतो. ही सूट बघून जुन्या ग्राहकांनीही ती मागितली तर महिन्याला 5 थेट तुमच्या उरणाऱ्या 10 मधून जातील.

तरी ऑर्डर वाईट नाही. 40 च्या मालाला 38 मिळणार, माल आणि मजुरी 29.2, महिन्याला 8.8 सुटतात. हे गृहीत धरून की ठरलेले खर्च वाढत नाहीत. ते तपासा: पाच माणसांत जवळजवळ दीडपट काम होईल का? जादा तासांची मजुरी नेहमीच्या दराने होत नाही, आणि ती दीडपट द्यावी लागली तर 8.8 मधले 3.6 तिथेच जातील. कोटिंगवाल्याचीही तेवढी ताकद आहे का ते विचारा. एका महिन्याचं वेळापत्रक कागदावर आखून बघितल्याशिवाय होकार देऊ नका.

खरी अडचण 90 दिवसांची आहे. साठा 22, चालू काम 13, ग्राहकाकडे तीन महिन्यांचा माल आणि मजुरी 88, त्यातून व्यापाऱ्याची उधारी 11 वजा. या एका ऑर्डरीसाठी 111 ते 112 आधी घालावे लागतील. महिन्याला 8.8 सुटत असताना ते परत यायला वर्षाहून अधिक लागेल. आणि त्या कंपनीने तीन महिन्यांचा माल घेऊन हात वर केले तर बुडालेले 88 भरून काढायला तशीच ऑर्डर दहा महिने करावी लागेल.

म्हणून सूट द्या, पण तिच्या बदल्यात पैसे लवकर घ्या. दोन्ही एकाच वेळी देऊ नका. कंपनीसमोर असे पर्याय ठेवा: एक, 5 टक्के सूट आणि 40 टक्के ॲडव्हान्स, बाकी 90 दिवसांत. यात ॲडव्हान्स माल पोचण्याच्या दीड महिना आधी येतो, म्हणून अडकणारी रक्कम 112 वरून सुमारे 43 वर येते. दोन, ॲडव्हान्स नाही, पण 45 दिवसांत पैसे. यात सुमारे 68 अडकतात. तीन, 90 दिवस हवेतच तर सूट नाही आणि पहिले दोन महिने ऑर्डर निम्मी. बहुतेक कंपन्या पहिल्या दोनपैकी एकाकडे झुकतात, कारण खरेदी करणाऱ्या माणसाला आपल्या वरिष्ठाला सूट मिळवल्याचं दाखवायचं असतं.

पहिला लॉट छोटा ठेवा आणि दुसऱ्या लॉटचं डिस्पॅच पहिल्या लॉटचं पेमेंट वेळेवर येण्याशी लेखी बांधून घ्या. दर किती दिवस टिकणार तेही लिहा. पत्र्याचा भाव हलता असतो. वर्षभराचा एकच दर बांधून दिला आणि कच्चा माल 10 टक्क्यांनी वाढला तर प्रत्येक 100 च्या मालामागे 5.5 जातात, सूट दिलेल्या मालात तुमच्याकडे मुळात 22 च होते. एका वाक्याची अट पुरते: कच्च्या मालाचा भाव कोटेशनच्या दिवसापासून 3 टक्क्यांहून जास्त हलला तर दर त्या प्रमाणात बदलेल, वर किंवा खाली. "किंवा खाली" हे दोन शब्द असले की समोरचा सहसा मान्य करतो.

कर्ज कोणतं आणि किती

रोज अर्धा म्हणजे महिन्याला 15. तुमच्याकडे महिन्याला 10 उरतात. पुढे हिशेब करायचीही गरज नाही, पहिल्याच महिन्यात पत्र्याचे पैसे हप्त्यात जातील आणि मग दुसरं कर्ज पहिलं फेडायला घ्यावं लागेल. आणि तो हिशेब केलाच तर: 45 हातात घेऊन 100 दिवसांत 50 फेडायचे. "10 टक्केच तर" असं सांगितलं जातं. पण मुद्दल रोज कमी होत असल्याने पूर्ण 45 तुम्ही फक्त एक दिवस वापरता. वर्षाच्या दराने हे व्याज 75 टक्क्यांच्या वर जातं.

अशीच गफलत सरळ व्याजाच्या कर्जात होते. "तीन वर्षं, 12 टक्के सरळ दर" असं कोणी सांगितलं तर व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवर लागतं. घटत्या शिल्लकेवर मोजलं तर तो दर 21 टक्क्यांच्या आसपास येतो. दोन कर्जांची तुलना करताना टक्केवारी विचारू नका. चार आकडे लिहून मागा: प्रत्यक्ष हातात किती मिळणार, हप्ता किती, हप्ते किती, आणि मुदतीआधी फेडलं तर दंड किती. कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये पहिल्या तीन आकड्यांवरून खरा दर निघतो.

तुमची मूळ चूक मशीन घेणं ही नाही. सात-आठ वर्षं चालणारं मशीन तुम्ही रोजच्या खेळत्या पैशातून घेतलंत, ही आहे. मशीन आपले पैसे महिन्यामहिन्याने परत करतं, ते एकदम पत्र्याच्या व्यापाऱ्याला देता येत नाहीत. ही चूक दुरुस्त होऊ शकते. मशीनचं बिल, पैसे भरल्याचा पुरावा आणि विम्याची कागदपत्रं घेऊन बँकेत जा आणि त्या मशीनच्या तारणावर मुदतीचं कर्ज मागा. 60 च्या मशीनवर 45 मिळाले आणि मुदत चार वर्षं, दर घटत्या शिल्लकेवर 14 टक्के धरला, तर हप्ता महिन्याला 1.23 पडतो. मग विक्री 68 पर्यंत घसरली तरी हप्ता निघतो. हीच कसोटी कुठल्याही कर्जाला लावा: विक्री चौथाईने पडली तर हप्ता निघेल का? बँकाही उलटून हेच बघतात. हप्त्याच्या किमान सव्वापट रोकड दरवर्षी उरावी, अशी त्यांची सर्वसाधारण अपेक्षा असते.

नव्या ऑर्डरीसाठी लागणाऱ्या 43 किंवा 68 ला मात्र हप्त्याचं कर्ज घेऊ नका. तिथे खेळत्या भांडवलाची मर्यादा हवी, म्हणजे कॅश क्रेडिट किंवा ओव्हरड्राफ्ट. वापराल तेवढ्यावर, वापराल तितके दिवस व्याज. पण त्यात एक धोका आहे: मर्यादा मंजूर झाली की ती कायमची वापरात राहते आणि तिच्यातूनच पुढचं मशीन घेतलं जातं. महिन्यातून काही दिवस तरी ते खातं शून्याजवळ यायला हवं. येत नसेल तर ती खेळती गरज राहिलेली नाही, कायमचं भांडवल कमी पडतंय. बँक ही मर्यादा साठा आणि ताज्या उधारीवर देते, जुनी थकलेली बिलं त्यात धरत नाही. म्हणजे वरची उधारीची यादी इथेही कामाला येणार. सही करण्याआधी घर किंवा नातेवाईक जामिनात अडकतात का ते कलम दोनदा वाचा.

दर सोमवारी एक पान

एका कागदावर 13 रकाने, 13 आठवडे. वर आठवड्याच्या सुरुवातीची शिल्लक. खाली येणारे पैसे, ग्राहकवार, पण बिलावरच्या तारखेला नाही तर तो ग्राहक खरोखर देतो त्या आठवड्यात. मग जाणारे पैसे: पत्रा, मजुरी, भाडं, वीज, हप्ता, घरखर्च, कर. तळाला उरलेली शिल्लक, तीच पुढच्या आठवड्याची सुरुवात. दर सोमवारी मागच्या आठवड्यातले खरे आकडे भरा, एक नवा आठवडा जोडा. अर्धा तास लागतो. तळाच्या ओळीतला सगळ्यात लहान आकडा शोधा. तो महिन्याच्या मजुरी आणि ठरलेल्या खर्चाहून, तुमच्या बाबतीत 29 हून, कमी दिसला तर त्या आठवड्याच्या आधी काहीतरी हलवायचं आहे: वसुली, खरेदी किंवा डिस्पॅच. सुरुवातीचे काही महिने आकडा 29 च्या खालीच राहील. तेव्हा तो निदान शून्याखाली जाऊ न देणं एवढंच लक्ष्य ठेवा.

बिलावर ग्राहकाकडून वसूल केलेला कर वेगळ्या खात्यात टाका, ज्या दिवशी येईल त्याच दिवशी. तो तुमचा पैसा नाही, पण चालू खात्यात राहिला तर आपलाच वाटतो. घरखर्चाचे 6 महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, पगारासारखे काढा. गल्ल्यातून लागेल तसे काढले की ते 6 चे 8 कधी होतात ते कळत नाही.

आणि पत्र्याच्या व्यापाऱ्याला आजच फोन करा. त्याचं देणं थकत चाललंय असं तुम्ही लिहिलंय. त्याचा फोन यायची वाट बघू नका. कोणत्या दोन ग्राहकांकडून पैसे यायचे आहेत ते सांगा, रक्कम आणि तारीख द्या, ती तारीख 13 आठवड्यांच्या कागदावरून काढलेली असू द्या. तेवढी पाळली की 15 दिवसांची उधारी 25 करून मागता येईल, आणि ते 10 दिवस तुमच्यासाठी 18 च्या बिनव्याजी कर्जाइतके आहेत.